चिठ्ठीचा कोपरा

बैठकवाल्या बाई म्हटलं की त्या भागातल्या निम्म्या संस्था मान डोलवायच्या. वाचनालय असो, अपंगांचा कामवर्ग असो की भटक्या कुत्र्यांचा दवाखाना, पुढच्या तीन वर्षांत काय करायचं हे सगळ्यांनी मिळून ठरवायची वेळ आली की बाईंना बोलावणं जायचं. बाई भलीमोठी पिशवी घेऊन यायच्या. भिंतीवर तपकिरी कागद लावायचा, चिठ्ठ्या वाटायच्या, मनातलं लिहायला लावून त्या भिंतीवर डकवायच्या आणि शेवटी प्रत्येकाच्या हातात तीन गोल टिकल्या द्यायच्या. ज्याला जे पटेल तिथे त्याने टिकली चिकटवायची. जिथे टिकल्या जास्त, त्या कामाला संस्था लागणार. बाई स्वतः कधी टिकली लावत नसत. "मी फक्त विचारते, ठरवता तुम्ही," हे वाक्य त्यांनी इतकं घासलं होतं की संध्याकाळी भाजी कुठली करू विचारलं तरी नवरा तेच त्यांना ऐकवायचा.

अशा या बाईंच्या धाकट्या बहिणीने हाच उद्योग सुरू केला. बाईंनी चारचौघांत तोंडभरून कौतुक केलं आणि घरी येऊन उशीवर बुक्के मारले. लहानपणी धाकटी त्यांचे जुने फ्रॉक घालायची, तेव्हा त्यांना काही वाटलं नव्हतं. आता ती त्यांचं कामही अंगावर चढवून हिंडत होती आणि मेलीला ते शोभत होतं, हे खरं दुखणं होतं.

त्यात एक दिवस गल्लीतल्या समाजकेंद्राच्या सचिवबाई दारात आल्या. हे केंद्र म्हणजे बाईंचं माहेरच समजा. त्याची आजवरची प्रत्येक योजना बाईंच्या देखरेखीखाली झालेली. सचिवबाई म्हणाल्या, "या खेपेला तुम्ही आमच्याबरोबर खुर्चीत बसा हं. गल्लीतल्या म्हणून. चालवायला तुमच्या बहिणीला सांगितलंय."

"अगदी उत्तम केलंत," बाई म्हणाल्या. दार लावलं, आणि त्या दिवशी कांदा इतका बारीक चिरला की नवऱ्याने विचारलं, कांद्याने काय घोडं मारलंय?

बाईंनी मनाशी एकच गाठ बांधली. ही बैठक फसली पाहिजे. फसली की सगळे पुन्हा आपल्याच दारात येतील.

प्रश्न साधा होता. केंद्राची मागची खोली रिकामी झाली होती, तिचं काय करायचं? बैठकीच्या दिवशी धाकटी उशिरा आली, जाड पेनं घरी विसरून आली, आणि कागद तर तिरकाच लावला. बाईंना बरं वाटलं. चला, सुरुवात झकास झाली. मग धाकटीने खुर्ची ओढली, ती थेट शेवटच्या रांगेत इस्त्रीवाल्याशेजारी नेऊन ठेवली आणि विचारलं, "दादा, तुम्हाला काय वाटतं?"

हा इस्त्रीवाला बाईंच्या प्रत्येक बैठकीला हजर असायचा आणि प्रत्येक वेळी फक्त मान हलवायचा. बाई त्याला मनातल्या मनात भिंतीवरचं घड्याळ म्हणायच्या. त्या घड्याळाने आज तोंड उघडलं. म्हणाला, त्याची आई दिवसभर घरात एकटी असते. तो दुकानात असताना ती दोनदा पडली. मागची खोली म्हाताऱ्यांना दुपारी बसायला-पडायला मिळाली तर त्याच्या जिवाला घोर राहणार नाही. तो अडखळत बोलला, पण मनापासून बोलला, आणि लोक ऐकत राहिले.

बाईंच्या अंगाचा तिळपापड झाला. इतकी वर्षं आपण याच माणसाला चिठ्ठ्या वाटल्या. आपल्यापाशी कधी आईबद्दल चकार शब्द काढला नाही, आणि ही काल आलेली पोर त्याच्या शेजारी बसते काय, तो पोटातलं सगळं काढून देतो काय!

चिठ्ठ्या भिंतीवर लागल्या. म्हाताऱ्यांसाठी विसाव्याची खोली. मुलांना अभ्यासाची खोली. सायकली आणि पंखे दुरुस्त करायची खोली. निवृत्त मास्तरांनी थट्टेत एक चिठ्ठी ठोकून दिली होती, 'खोलीत सर्व माजी अध्यक्षांच्या तसबिरी लावाव्यात.' ती वाचून सगळे हसले होते.

धाकटीने टिकल्या वाटल्या. बाईंच्या हातात आयुष्यात पहिल्यांदा स्वतःच्या तीन टिकल्या आल्या. त्या सगळ्यांत आधी उठल्या, भिंतीपाशी गेल्या आणि तिन्ही टिकल्या माजी अध्यक्षांच्या तसबिरींवर ठोकल्या. जाता जाता सवयीने त्या चिठ्ठीचा दुमडलेला कोपरा सरळ केला आणि जागेवर येऊन हाताची घडी घातली. आता लावा म्हणावं निकाल.

मग जे झालं ते बाईंनी ठरवलेलं नव्हतं. गल्लीतले शिंपीकाका उठले, त्यांनी चिठ्ठीचा कोपरा पाहिला, बाईंकडे पाहिलं आणि तसबिरींवर दोन टिकल्या लावल्या. सचिवबाईंनी तेच केलं. एकामागून एक सगळे गेले. खुद्द मास्तरांनी स्वतःच्या थट्टेवर टिकली लावली. शेवटी इस्त्रीवाला उठला. त्याने दोन टिकल्या विसाव्याच्या खोलीवर लावल्या, तिसरी बोटावर घेऊन जरा घुटमळला आणि ती तसबिरींवर चिकटवून खाली मान घालून परत आला.

तसबिरी जिंकल्या.

धाकटीने टिकल्या पुन्हा एकदा मोजल्या. मग म्हणाली, "तुम्हाला खरंच हे हवंय?"

शिंपीकाकांनी घसा खाकरला. "तसं नाही हो. पण आमची पद्धतच आहे ती. बाई ज्या चिठ्ठीचा कोपरा सरळ करायच्या, ती त्यांना पसंत असायची. आम्ही तिलाच टिकल्या लावायचो. लवकर उरकायचं, आणि बाईंचंही मन राखलं जायचं."

ते चांगल्या मनाने बोलले होते. म्हणून तर बाईंना ते जास्त झोंबलं. त्यांच्या डोळ्यांसमोरून वाचनालय गेलं, कामवर्ग गेला, कुत्र्यांचा दवाखाना गेला. किती कोपरे सरळ केले होते त्यांनी, नुसत्या नीटनेटकेपणाच्या हौसेने. का हौसेने नव्हेच? हे आता कुणाला विचारणार?

धाकटीने सगळ्या टिकल्या काढायला घेतल्या. ती हसली नाही, टोमणा मारला नाही. त्यातलं एखादं तरी केलं असतं तर बाईंना भांडायला जागा मिळाली असती. ती जवळ येऊन हळूच म्हणाली, "ताई, तू थोडा वेळ बाहेर बसतेस का गं?"

बाई बाहेर व्हरांड्यातल्या बाकावर येऊन बसल्या. दार लोटलेलं होतं. आधी आत कुजबुज झाली, मग खुर्च्या सरकल्याचा आवाज. मग मास्तर तावातावाने अभ्यासाच्या खोलीबद्दल बोलू लागले आणि त्यांना मधेच तोडून कुणीतरी मोठ्याने म्हणालं, "नाही, मला हे पटत नाही." आवाज इस्त्रीवाल्याचा होता. शिंपीकाका दोघांवर ओरडले, सचिवबाई शिंपीकाकांवर, आणि सगळ्यांच्या वर धाकटी खळखळून हसली. बाईंच्या बैठकांत कधी कुणी आवाज चढवला नव्हता. याचा त्यांना केवढा अभिमान होता.

केंद्रातल्या चहावाल्या मावशी किटली घेऊन आल्या आणि दाराशी थबकल्या. "काय हो बाई, आत भांडणं लागलीत का?"

"नाही," बाई म्हणाल्या. "ठरवतायत."

मावशी आत गेल्या. दार पुन्हा लोटलं गेलं, आणि बाई तो गोंगाट ऐकत, आतल्या आत जळत, तिथेच बसून राहिल्या.