पाटी लावणारा माणूस

टीव्हीवर सामना चालू असताना पडद्याच्या कोपऱ्यात भागीदारीचा आकडा झळकवायचं काम आकडेभाऊंचं. कचेरीत त्यांचं खरं नाव कुणाला आठवतही नसे, पण त्यांच्या बोटाला सगळे टरकून असत. भाऊंनी ‘शतकी भागीदारी’ची पाटी लावली की पुढच्याच षटकात जोडी फुटते, अशी त्यांची ख्याती. भाऊ वरवर हसत, पण बटण दाबण्याआधी बोट क्षणभर मागे घेत. विक्रमाच्या पाटीला तर ते मुद्दाम उशीर करत आणि वर दिग्दर्शकाच्या शिव्या खात.

आज भाऊ कामावर नव्हते. वडील दवाखान्यात होते आणि आई त्यांचा हात धरून खाटेशी बसली होती. सलाईन बदलता बदलता नर्सने कौतुकाने विचारलं, "किती वर्षांचा संसार हो, काकू?"

आई बोटांवर मोजू लागली. जगातल्या झाडून साऱ्या जोड्यांच्या धावा तोंडपाठ असलेल्या भाऊंनी झटकन तिची बोटं मुठीत धरली.

"मोजू नकोस गं," एरवी आईपुढे आवाज न चढवणारे भाऊ खेकसले. "जोडी अजून खेळतेय."