थांबण्याचं कारण

मी मुळातच भित्रा. लहानपणी वैजापूरच्या बाजारात बैलानं नुसती मान हलवली तरी मी वडिलांच्या मागं. विद्यापीठाच्या नामांतराच्या त्या दिवसांत अख्खं शहरच धास्तावलेलं होतं, मग माझी काय कथा!

वाळूजला आमच्या कारखान्यात स्कूटरचे पत्रे दाबणारी प्रेस होती. तिचा प्रोग्राम आमच्या सरांनी लिहिलेला; मी त्यांच्या हाताखाली नवाच लागलो होतो. नवा साचा आला की सर त्यात बदल करायचे आणि का केला ते टपरीवर चहा पिताना सांगायचे. लिहून कोण ठेवणार? सर होते ना.

नेमका नवा साचा आला आणि सर क्रांती चौकामागच्या घरात संचारबंदीत अडकले. फोन लागेना. मॅनेजरांनी मला बोलावलं. साच्याचे आकडे बदलणं जमलं. पण प्रेस वर गेल्यावर हिरवा दिवा लगेच लागत नसे, मध्ये प्रोग्राम नुसता थांबे.

"माणसं निम्मीच आलीत. ते थांबणं काढून टाका, माल वाढेल," मॅनेजर म्हणाले.

तो का थांबतो, मला ठाऊक नव्हतं. हिरवा दिवा लागला की लासूर स्टेशनहून येणारे प्रेसवरचे जुने कामगार, ज्यांना सगळे मामा म्हणत, साच्यात हात घालून पत्रा काढत. त्या हातांकडे बघून ओळ काढायला मन घेईना. पण नोकरी नवी, नाही म्हणायची छाती झाली नाही. थांबण्याची ओळ काढली आणि मामांना म्हणालो, "पहिल्यांदा हात नको, काठी घाला."

"काठीनं पत्रा निघंल व्हय, सायेब?" मामा हसले. पण माझं तोंड बघून त्यांनी झाडूचा दांडा घेतला.

दिवा लागला, दांडा आत गेला. कुणी बटण दाबलं नव्हतं, तरी वर गेलेली प्रेस परत खाली घसरली आणि दांड्याचं टोक चिपाड झालं. मामा बराच वेळ आपल्या मनगटाकडं बघत राहिले. मी ओळ परत घातली. मॅनेजर दांडा बघून केबिनमध्ये परतले.

संचारबंदी उठली, सर आले. कपाळावर पट्टी होती. सकाळीच दूध आणायला निघाले आणि दगड लागला.

"जुना ब्रेक उशिरा धरतो, म्हणून थांबवलंय," दांड्याचं ऐकून ते सहज म्हणाले. "आधीच विचारून ठेवायचं ना."

"सर, प्रत्येक ओळीचं कारण आजच सांगा. मी लिहून घेतो."

"आजच कशाला? मी कुठं पळून चाललोय?" सरांनी हसत चहा मागवला.

पट्टीतून रक्त अजून पाझरत होतं. मला हसू आलं नाही.