दोरीची गाडी

सुभेदारांना सरळ रस्त्याचा मनापासून कंटाळा होता. रिकामी जमीन दिसली की माणसं तिथे प्लॉट किती पडतील ते बघतात; सुभेदार तिथे वळण बसेल का ते बघायचे. लग्नाचा मांडव असो, प्रदर्शनाचं मैदान असो, एकदा तर स्मशानाच्या फाटकाबाहेरही, डोळे बारीक करून ते हवेत हाताने एक लांबट गोल काढायचे आणि मला कोपराने ढोसायचे. "बगा की पार्सलबाबू, हितं लई झकास बसतंय." मी जयपूर स्टेशनात पार्सल ऑफिसला होतो, म्हणून मी पार्सलबाबू. माझं खरं नाव त्यांना शेवटपर्यंत माहीत होतं की नाही, याची मला शंका आहे.

दोन हजार सालानंतरची ती पहिली काही वर्षं. आम्ही बडनेऱ्याचे, बदलीने जयपूरला येऊन पडलेलो, दुर्गापुऱ्यात भाड्याने राहत होतो. सुभेदार शेजारच्या घरात. मूळचे जत तालुक्यातले. फौजेत मोटारसायकलवरून डाक पोहोचवायच्या कामावर लागले, चढत चढत सुभेदार झाले आणि जयपूरलाच निवृत्त झाले. मुलगा महेश इथल्या एका गॅरेजात रमला होता, म्हणून गावी न जाता इथेच राहिले. घरात ते, काकू, महेश आणि भिंगरी.

भिंगरी म्हणजे त्यांची कारवान कुत्री. जतकडे ही जात सशामागे पळवायला पाळतात. सुभेदारांनी तिला पिल्लू असताना मांडीवर बसवून गावाहून आणलेलं, आणि रेल्वेत तिचं रीतसर बुकिंग केलं नव्हतं हे मला मुद्दाम ऐकवून माझी जिरवायचे. पोट पाठीला चिकटलेलं, बरगड्या मोजून घ्याव्यात, पाय काटक्यांसारखे. गल्लीतल्या बायका काकूंना विचारायच्या, "बाईजी, इसको खाना नहीं देते क्या?" काकूंचा पारा चढायचा. भिंगरी त्यांच्यापेक्षा जास्त जेवते, हे हिंदीत पटवून देता देता त्यांची दमछाक व्हायची.

गावाकडे कुत्र्यांच्या शर्यती लावतात त्या सरळ रेषेत. एक जुनी मोटारसायकल स्टँडवर उभी करायची, मागच्या चाकाचा टायर काढायचा आणि रिमला लांबलचक दोरी बांधायची. दोरीच्या दुसऱ्या टोकाला कापडाचा ससा. गाडी सुरू केली की रिमवर दोरी गुंडाळत जाते, ससा पळतो, सशामागे कुत्री. सुभेदारांचं म्हणणं असं, की सरळ कुणीही पळतंय, खरं काय ते वळणावर कळतंय. म्हणून त्यांनी गॅरेजातली मोडीत निघालेली सायकलची चाकं जमिनीत खुंट्या ठोकून आडवी बसवायची आणि त्यांच्यावरून दोरी वळवायची अशी युक्ती काढली. तशी ती साधी होती, पण रुळावर यायला तिने एक अख्खा उन्हाळा खाल्ला. त्या जुन्या गाडीला आम्ही सगळे दोरीची गाडी म्हणायचो. तिचा सायलेन्सर फुटका होता आणि रस्त्यावर ती कधी निघायचीच नाही.

ससा काकूंनी शिवला होता, महेशच्या लहानपणीच्या लाल स्वेटरचा. त्याच्या पोटाला त्यांनी खिसा ठेवला होता, स्वेटरचंच बटण लावलेला. त्या खिशात तुपात कुस्करलेली भाकरी असायची. जयपुरात ज्वारी धड मिळेना, म्हणून बाजरीची. इतर लोक सशात चिंध्या भरतात. हे सुभेदारांना पटत नसे. "पळाली तिला मिळालंच पायजे. जनावराला फसवायचं न्हाई." दोरी संपली की ससा गाडीच्या मागच्या चाकापाशी येऊन थांबायचा, भिंगरी तिथे येऊन उभी राहायची आणि सुभेदार बटण काढायचे. कुठेही, केव्हाही, हा नेम त्यांनी चुकवला नाही. फुटक्या सायलेन्सरचा आवाज आला की पळायचं आणि मागच्या चाकापाशी थांबायचं, एवढं त्या कुत्रीला पक्कं झालं होतं.

जागा मिळाली ती जगतपुऱ्याच्याही पलीकडे. तेव्हा तिकडे इंजिनिअरिंगची एक-दोन कॉलेजं, अर्धवट बांधलेल्या चार इमारती आणि बाकी सगळी वाळू. तिथल्या एका चौधरीजींची जमीन पडीक होती. त्यांचाही जीव कुत्र्यांत अडकलेला, त्यामुळे दोघांचं चहाच्या एका कपात जमलं. मग रविवारमागून रविवार आम्ही तिथे राबलो. आम्ही म्हणजे सुभेदार, महेश, फौजेतली त्यांची दोन-चार ओळखीची माणसं आणि बायकोची बोलणी खाऊन आलेला मी. मधोमध खुंटी ठोकून दोरीने गोल आखला, चुना टाकला, विलायती बाभळी तोडल्या, त्यांच्याच काट्यांचं कुंपण घातलं. माझ्या हाताला फोड आले ते दाखवले तेव्हा सुभेदार म्हणाले, "पार्सल फेकणाऱ्या हातांना फोड? मतलब तुम्ही निसतंच शिक्के मारताय." त्यात तथ्य होतं.

पहिल्या वेळी भिंगरी त्या वळणावरून गेली तेव्हा मी होतो. कशी गेली ते मला नीट सांगता येणार नाही. एका बाजूला पार कलली होती, वाळू उडत होती आणि सुभेदार कुंपणाला धरून लहान मुलासारखे रडत होते. महेशने दोरीच्या गाडीवरून ओरडून विचारलं, "बाबा, काय झालं?" ते म्हणाले, "काय न्हाई, डोळ्यात वाळू गेली." सगळ्यांच्याच डोळ्यांत गेली होती म्हणा.

हळूहळू बोलबाला झाला. जयपूरजवळच्या चौमूंहून लोक जीपमध्ये कुत्री घालून आणायला लागले. कॉलेजची पोरं मोटारसायकली घेऊन आली, त्यांना वाळूतलं वळण बघून राहवेना, आणि कुत्र्यांच्या शर्यतींच्या मधल्या वेळात गाड्यांच्या शर्यती सुरू झाल्या. महेश त्यांतला राजा. गुडघा जवळजवळ जमिनीला टेकवून वळायचा. सुभेदार त्या जागेला सुरुवातीपासून 'स्टेडियम' म्हणत होते आणि आम्ही हसत होतो; पण चौधरीजींनी एके दिवशी खरंच तसा शब्द दिला. "सूबेदार साब, एक बार बड़ा मेला करके दिखाओ. लोग आए तो पक्की सीढ़ियाँ मैं बनवाऊँगा." संक्रांतीनंतरचा रविवार ठरला. त्यानंतर सुभेदारांना झोप नव्हती. मुलाचं लग्न काढलेल्या माणसासारखे ते गावभर बोलावणी करत फिरत होते.

लोक आले. एवढे आले की कुंपण दिसेना. बाभळींवर पतंगांचा मांजा लोंबत होता, भुजिया विकणारे आले होते, आमच्या मराठी मंडळींनी चादरी अंथरल्या होत्या. चौधरीजी नवा साफा बांधून खुर्चीवर. कुत्र्यांच्या पहिल्या शर्यती उत्तम झाल्या आणि मग गाड्यांची पाळी आली. नेमकी महेशच्या गाडीची चेन तुटली.

महेशचं तोंड एवढंसं झालं. त्याच्यावाचून शर्यत म्हणजे काहीच नव्हतं, आणि चौधरीजी बघत होते. सुभेदार म्हणाले, "मग दोरीची गाडी घे की. टायर चढवायला कितीसा येळ?" बापलेकांनी वाळूत गुडघे टेकून टायर चढवला. मला ते दोघं तसेच आठवतात, डोक्याला डोकं लावून बसलेले, कशाला तरी हसत. मग महेश रांगेत गेला आणि सुभेदार भिंगरीला घेऊन वळणापाशी उभे राहिले, नीट दिसावं म्हणून.

शर्यत सुटली. त्या फुटक्या सायलेन्सरच्या आवाजाचा भिंगरीला एकच अर्थ माहीत होता. हे आम्हा कोणालाच सुचलं नाही. कारवानाचं डोकं निमुळतं असतं. मागे सरून झटका दिला की पट्टा कानांवरून निघून येतो. गाड्या वळणावर आल्या तेव्हा सुभेदारांच्या हातात दोरी होती आणि दोरीला रिकामा पट्टा. महेशने समोर कुत्री बघितली आणि हँडल फिरवलं. मागून येणाऱ्या पोराला थांबायला जागाच नव्हती.

महेश हॉस्पिटलपर्यंत पोहोचला नाही. आम्ही सगळे त्याच्याकडे धावलो, काकू चादरीवरून उठून अनवाणी धावल्या. त्या गर्दीतून मला दिसलं ते मी आजवर कोणाला सांगितलेलं नाही. दोरीची गाडी आडवी पडली होती, तिचं मागचं चाक अजून फिरत होतं आणि भिंगरी त्या चाकापाशी येऊन उभी होती. शेपटी हळूहळू हलत होती. भाकरीची वाट बघत होती ती.

त्यानंतर तिथे कधी काही झालं नाही. चौधरीजी दुःखात येऊन बसले, फार चांगलं बोलले, आणि पावसाळ्याच्या आत त्यांनी जमीन विकून टाकली. मी त्यांना दोष देत नाही. आता तिथे फ्लॅट आहेत. त्या कॉलनीच्या मागचा रस्ता विनाकारण लांबट वळसा घेतो आणि रिक्षावाले त्याच्या नावाने बोटं मोडतात. मेळ्याच्या आधीच आमच्या आखणीवर चौधरीजींनी कुंपणाची भिंत बांधायला घेतली होती, तिचा पाया कोणी उखडला नाही, एवढंच.

कुत्री कुठेतरी सोडून या, असं सुभेदारांना सगळ्यांनी सांगितलं. कोणी तर गोळी घाला म्हणालं. मीही म्हणालो, चौमूंला माझ्या ओळखीचे लोक आहेत, ते सांभाळतील. सुभेदारांनी माझ्याकडे बघितलं. "पार्सलबाबू, तिला शिकवलं तेच तिनं केलं. शिकवलं कुणी?"  

काकू भिंगरीवर कधी हात उगारत नव्हत्या, तिच्याकडे बघतही नव्हत्या. मात्र त्या घरात भाकरी बंद झाली. पीठ मळायची परात बाहेर दिसायची ती चपातीसाठीच. सुभेदार आपल्या ताटातली चपाती दुधात बुडवून भिंगरीला घालायचे, ती खायची आणि त्यांच्या बाजेखाली पडून राहायची. नवराबायकोचं भांडण असं कधी ऐकू आलं नाही. ऐकू आलं असतं तर बरं वाटलं असतं, इतकं ते घर मुकं झालं होतं.

एकदा त्यांना बाहेर काढावं म्हणून मी स्कूटरवरून जगतपुरा स्टेशनच्या बाजूला नेलं. तिथे एक छान सपाट मैदान होतं. मी गाडी थांबवली आणि मुद्दाम विचारलं, "काय सुभेदार, इथं बसेल का?" ते मैदानाकडे बघत राहिले. हात मांडीवरून उचलला नाही. मग म्हणाले, "सरळ हाय ते बरं हाय."  पुढच्या थंडीत ते गेले. डॉक्टरांनी हृदयाचं नाव घेतलं, आणि ते खोटं नव्हतं.

काकूंनी जतला दिरांकडे जायचं ठरवलं. तिकिटं मीच काढली. भिंगरीला चौमूंला पाठवायची तजवीजही मनातल्या मनात करून ठेवली होती. तर काकू एका सकाळी पार्सल ऑफिसच्या खिडकीशी येऊन उभ्या. "भाऊजी, कुत्र्याचं बुकिंग तुमच्याकडंच होतंय न्हवं? रीतसर करा." मी पावती फाडली. तिचं हे पहिलंच रीतसर बुकिंग होतं आणि मला चिडवायला सुभेदार नव्हते.

गाडी दुपारची. कुत्र्यांची पेटी गार्डच्या डब्यात असते. मी भिंगरीला आत घातलं आणि दार लावणार, तोच काकू म्हणाल्या, "थांबा." त्यांनी पिशवीतून ससा काढला. लाल रंग विटून गेला होता, एक कान लोंबत होता. मला वाटलं, तिला वास ओळखीचा म्हणून पेटीत ठेवताहेत. पण त्या प्लॅटफॉर्मवर खाली बसल्या आणि पोटावरचं बटण काढलं. आत ताजी भाकरी होती, बाजरीची, तुपात कुस्करलेली.

"त्या दिसाची हिची ऱ्हायली हुती," काकू म्हणाल्या.

त्यांनी ती हातावर घेऊन पुढे धरली. भिंगरीने आधी त्यांच्या तोंडाकडे बघितलं, मग खाल्ली. गार्डने हिरवं निशाण काढलं तरी ती काकूंचा तळहात चाटत होती, आणि काकू हात काढून घेत नव्हत्या.