पद्माबाईंनी सुनेसाठी मागितलेली परवानगी

हट्टा गावच्या पद्माबाईंचा राग सगळ्यांना ठाऊक होता. हळद शिजवायच्या दिवसांत मुकादम बायांवर उगाच ओरडू लागला की पद्माबाई हातातलं काम ठेवून नुसत्या उभ्या राहत, आणि मुकादम दुसरीकडं निघून जाई. नवरा लवकर वारला. एकुलता एक भीमराज त्यांनी मजुरीवर वाढवला. तो टेम्पो चालवू लागला, लग्न झालं, आकांक्षा घरात आली. ती अंगणवाडीत शिकवायची आणि संध्याकाळी सासूला पेपर वाचून दाखवायची.

२००४ च्या उन्हाळ्यात आकांक्षाच्या अंगावर सूज चढली. नांदेडच्या दवाखान्यात कळलं, दोन्ही किडन्या निकामी झाल्यात. डॉक्टर म्हणाले, किडनी बदलावी लागेल. कुणी देणारं मिळेपर्यंत घरी न्या, आठवड्यातून दोनदा डायलिसिसला आणा. भीमराजचा रक्तगट जुळला नाही. आकांक्षाची आई वारलेली, बापाला साखरेचा आजार, भाऊबहीण कुणी नव्हतंच.

गावात जीपमधून उतरल्यावर आकांक्षानं कुणाला उचलू दिलं नाही. भिंतीला धरून आपली आपण आत आली. पद्माबाईंनी तिची बाज खिडकीजवळ टाकली होती. पाणी बेतानंच प्यायचं होतं, म्हणून उशाशी वेगळी लोटी ठेवली. शेजारच्या बाया भेटायला आल्या त्या पदर डोळ्याला लावूनच.

"काय वय होतं पोरीचं," एकजण म्हणाली.

"होतं काहून म्हणता?" पद्माबाई म्हणाल्या. "समोर बसलीय ती."

त्याच आठवड्यात शेषराव आले. हे पद्माबाईंचे दीर, भावकीत मोठे. चहाचा कप हातात घेऊन हळूच म्हणाले, "वहिनी, कनेरगाव नाक्याला एक पोरगी हाय. आतापासून बोलून ठेवलेलं बरं. भीमराजनं जन्म कसा काढायचा?"

मधे नुसता पडदा होता. पलीकडं आकांक्षा जागी होती.

पद्माबाईंनी त्यांच्या हातातला कप काढून घेतला. "भाऊजी, हेच आत जाऊन तिच्या तोंडावर बोला. न्हाई जमत तर वहाणा घाला."

शेषराव गेले. भीमराज मात्र सगळा वेळ खाली मान घालून बसला होता. त्याचा पद्माबाईंना जास्त संताप आला.

"तुला वाचा न्हाई का रे?"

"काका मोठे हायत, माय."

"अन् ती तुझी कोण हाय?"

भीमराज उठून पडद्याआड गेला. बराच वेळ बाहेर आला नाही.

पुढच्या खेपेला पद्माबाई नांदेडला सोबत गेल्या आणि डॉक्टरांना म्हणाल्या, "माझं रक्त तपासा." ते जुळलं. पण आई, बाप, भाऊ, बहीण, नवरा, लेकरं एवढेच कायद्यानं जवळचे. सासू त्यात बसत नव्हती. औरंगाबादला अवयवदानाची परवानगी देणाऱ्या समितीपुढं जावं लागणार होतं.

समितीतल्या साहेबांनी पद्माबाईंकडं वरून खाली पाहिलं. "खरं सांगा बाई, किती पैसे ठरले? का मुलानं दबाव टाकला? सासू सुनेला किडनी देते, हे पटत नाही."

"साहेब, बायको नवऱ्याला देती तवा तिला इचारता का, दबाव कुणाचा हाय म्हणून?"

साहेबांनी फाईल मिटली. आणखी कागद आणा म्हणाले आणि पुढची तारीख दिली. त्या तारखेला एक सदस्य रजेवर निघाले. तिकडं आकांक्षाच्या छातीत पाणी भरू लागलं होतं. तिसऱ्या खेपेला पद्माबाई तिला घेऊनच गेल्या, खुर्चीवर बसवली आणि म्हणाल्या, "आता हिच्याकडं बघून तारीख द्या."

परवानगी मिळाली. दिवाळीनंतर ऑपरेशन झालं. किडनी चालू झाली, आणि पुढच्या जूनमध्ये आकांक्षा पुन्हा अंगणवाडीत गेली.

मग गावाला पद्माबाईंचं भारी कौतुक वाटू लागलं. विहारात सत्कार ठरला. स्टेजवर शाल घेऊन उभे होते शेषराव. "आमच्या घराण्याचा त्याग" यावर ते पुष्कळ बोलले.

पद्माबाईंनी शाल घेतली नाही. माईकजवळ गेल्या. "ही पोरगी दवाखान्यातून घरी आली त्या आठवड्यात यांनी माझ्या पोरासाठी दुसऱ्या बायकोची बोलणी आणली होती. आधी यांनी तिची माफी मागावी. मग शालीचं बघू."

शेषराव शालीच्या घड्या करत बसले. पद्माबाई थांबल्या, सगळ्यांना दिसेल इतका वेळ थांबल्या, मग खाली उतरल्या. भीमराज आणि आकांक्षा त्यांच्या मागोमाग उठले.

माफी कधी आली नाही. पद्माबाईंनीही शेषरावांच्या घरचं पाणी पुन्हा घेतलं नाही. लोक म्हणत, एवढ्या मोठ्या मनाच्या बाईनं एवढं सोडून द्यायला पायजे होतं.

"काहून?" त्या विचारत.