सरांच्या नावानं गुडघे बदलायचं शिबिर

तो फ्लेक्स उतरवा.

आज सरांना जाऊन एक वर्ष झालं. जळगावला आमच्या जुन्या हॉस्पिटलच्या गेटवर त्यांचा हसरा फोटो लावलाय. खाली लिहिलंय, ‘प्रख्यात जॉइंट रिप्लेसमेंट सर्जन डॉ. हेमंत सर यांच्या स्मृतिप्रीत्यर्थ भव्य गुडघे प्रत्यारोपण शिबिर’.

वाचून डोकं सणकलं. अजून थंड झालेलं नाही, म्हणून लिहितेय.

ज्यांना सर माहीत नाहीत त्यांच्यासाठी. सर सावद्याचे. हाडांचे डॉक्टर झाल्यावर लोक दवाखाना टाकतात. हे पुन्हा शिकायला गेले. स्पोर्ट्स मेडिसिन आणि जॉइंट प्रिझर्व्हेशनची फेलोशिप.

म्हणजे फाटलेलं शिवायचं, झिजलेलं सांभाळायचं आणि माणसाचा गुडघा होता होईल तो माणसाकडेच ठेवायचा. अगदीच कामातून गेलेला गुडघा सरही बदलायचे, पण बाकी सगळं करून झाल्यावर.

परत आले तेव्हा सीनियर हसले होते. "अरे, इथे स्पोर्ट म्हणजे आखाजीच्या सणाला कुटायचे पत्ते. कोणाचे गुडघे वाचवणार तू?"

सर म्हणाले, "पोलीस भरतीसाठी पळणाऱ्या पोरींचे. कबड्डीवाल्यांचे. आणि आमच्याकडे केळीचे घड वाहतात ना, त्यांचे. त्यांच्याइतकं रोज कोण खेळतं?"

मग भांडून भांडून त्यांनी त्याच हॉस्पिटलमध्ये फेलोशिपची एक सीट सुरू करून घेतली. खान्देशातल्या पोरांना हे खान्देशातच शिकता यावं म्हणून.

पहिली फेलो मी. धुळ्याची, देवपूरची.

शेवटचीही मीच.

मला वाटलं होतं, गेल्या गेल्या ऑपरेशनची दुर्बीण हातात मिळेल. सरांनी मला फैजपूरजवळच्या केळीच्या बागेत नेऊन उभं केलं. कापणी चालू होती. खांद्यावर घड घेतलेला माणूस ओल्या सरीत वळला, की पाय चिखलात रुततो आणि गुडघा एकटाच वळतो.

"गुडघा फाटतो इथे," सर म्हणाले. "आपण नुसता तिकडे शिवतो. माणूस बसतो कसा, उठतो कसा हे माहीत नसेल तर त्याच्या गुडघ्याला हात लावायचा नाही."

त्याच बागेत सुमनअक्का भेटल्या. दिवसभर उकिडवं बसून केळी खोक्यांत भरायच्या. गुडघ्यातली गादी मुळापासून सुटलेली. जावेनं गुडघा बदलून घेतला होता, म्हणून ह्यांनाही बदलूनच हवा होता.

सरांनी एवढंच विचारलं, "अक्का, श्रावणात कानबाई देवीपुढे मांडी घालून बसायचंय की खुर्चीवर?"

"खुर्चीवर कोन बसतं कानबाईच्या म्होरे?"

मग आषाढात गादी शिवली. काही महिने मांडी घालायची नाही, उकिडवं बसायचं नाही, गुडघ्याचा पट्टा सोडायचा नाही. अक्कांनी सगळं पाळलं.

श्रावणात घरी कानबाई मांडली. सगळी भावकी जमली. अक्कांनी पट्टा सोडला, मांडी घातली आणि नैवेद्याचे रोट करायला बसल्या. टाका तुटला.

मी विचारलं, पट्टा का सोडलात? त्या म्हणाल्या, "चामड्याचा पट्टा बांधीसन देवीसमोर बसू का मी?"

तो चामड्याचा नव्हताच हो. कापड आणि वेल्क्रो. फक्त काळा आणि चकचकीत होता.

सर त्यांच्यावर एक अक्षर रागावले नाहीत. मला म्हणाले, "माझ्या स्वतःच्या घरी कानबाई बसते. आणि पट्टा कशाचा आहे हे सांगायचं मला सुचलं नाही. माझ्या फेलोशिपमध्ये हे कोणी शिकवलं नाही. आपल्या फेलोशिपमध्ये शिकवायचं."

गादी त्यांनी पुन्हा शिवली.

हॉस्पिटलला तेवढंच निमित्त पुरलं. "बदलला असता तर एका फटक्यात काम झालं असतं." मग मीटिंगा. फेलोशिप हवी कशाला, म्हणे. सर प्रत्येक मीटिंगला जाऊन सीटसाठी भांडत होते. अशाच एका मीटिंगमधून बाहेर पडले आणि पार्किंगमध्ये कोसळले. हार्ट अटॅक.

मीटिंगनं मारलं असं मी म्हणणार नाही. डॉक्टर आहे, एवढं कळतं मला. पण राग यायला पुरावा लागत नाही.

तेरावं व्हायच्या आत सीट बंद झाली. राहिलेलं मी परमुलखात जाऊन शिकले. तिथे कोणालाही कानबाई माहीत नव्हती.

आणि सर, राग तुमच्यावरही आहे. प्रत्येक पेशंटला विचारायचात, बीपीची गोळी घेतली का? स्वतःची मात्र ड्रॉवरमध्ये पडलेली असायची. मला अर्धवट शिकवून गेलात.

परवा अक्कांचा फोन आला. हॉस्पिटलमधून त्यांना बोलावणं आलं होतं, सरांच्या आठवणीत शिबिर आहे, गुडघा बदलून घ्या.

"बाई, सायेबाच्या नावानं माझा गुडघा कापू ऱ्हायले का ते?"

"दुखतो का?"

"थंडीत थोडा. तेवढा तर मले खांदा बी दुखतो."

ह्याच गुडघ्यानं त्या यंदा कानबाईपुढे बसल्या होत्या. मी म्हटलं, अजिबात जाऊ नका.

त्या आज गेल्या.

त्यांच्या पोरीनं फोटो पाठवलाय, खाली टाकतेय. फ्लेक्सच्या खाली, सरांच्या फोटोसमोर, फरशीवर मांडी घालून बसल्यात. उठवायला आलेल्या माणसाला म्हणाल्या, "सायेबानं शिवेल गुडघा हाये हा. पाहून घ्या."

आणि हात न टेकता उठल्या.

श्रद्धांजली म्हणून फ्लेक्सवर काय छापायचं ते छापा. सरांना अक्कांची पोचली असेल.

सर, टाका टिकलाय. आता देवपूरला माझं छोटं ऑपरेशन थिएटर आहे आणि फेलोशिपची सीट मी पुन्हा मागणार आहे.

तुम्ही पडा निवांत. भांडायला मी आहे.