औषध अजून आलेलं नाही

एका हातात माईक धरून भाऊसाहेबांनी दुसऱ्या हातानं माझ्या डोक्यावरचा स्कार्फ ओढून काढला.

"बघा! डोंगरातली पोर. ब्लड कॅन्सर. केस गेले हिचे. आता आमच्या लॅबमधलं औषध हिला बरं करणार!"

मंचरचं मंगल कार्यालय गच्च भरलेलं. टाळ्या. फोटोवाला म्हणाला, "जरा रडका चेहरा कर."

भाऊसाहेबांच्या हाताला अत्तराचा वास. माझ्या तोंडात आंबट पाणी आलं. केमोनंही एवढी मळमळ झाली नव्हती.

आम्ही डिंभे धरणाच्या वरल्या वाडीतले. पुण्याच्या हॉस्पिटलात संशोधन करणाऱ्या एका मॅडमनी माझं रक्त नेलं होतं. विचारून. समजावून. बिघडलेलं जनुक रक्तातल्या पेशींना सारखं 'वाढा, वाढा' सांगत राहतं. त्याचा निरोप मधेच तोडायचा, म्हणजे त्या पेशी मरतील. "पण हे अजून काचेच्या बशीतच चाललंय. तुला उपयोग होईलच असं नाही," असंही म्हणाल्या होत्या. खरं बोलल्या, म्हणून मी रक्त दिलं.

त्याच मॅडम आता मांडीवर शाल-नारळ घेऊन, मान खाली घालून स्टेजवर बसलेल्या. त्यांची लॅब भाऊसाहेबांनीच पैसे घालून बांधून दिलेली.

तेवढ्यात आणे गावाहून आलेला एक बाप उठला. कडेवर मास्क लावलेलं पोरगं.

"सायेब, ह्याची केमो बंद करतो. लई हाल व्हत्यात. तुमचंच औषिद द्या."

"देऊ, देऊ," भाऊसाहेब हसले.

मी माईक हिसकावला.

"मॅडम, हाये का असं औषध? खरं सांगा."

खालून आई ओरडली, "गप बस पोरी! मोठी माणसं हायेत!"

मॅडम पुटपुटल्या, "नाही. अजून नाही."

"दादा, केमो बंद करू नका," मी त्या बापाला म्हणाले. "हे खोटं बोलत्यात."

कुणीतरी माईक बंद केला. "उतरवा हिला," भाऊसाहेब म्हणाले. "या जातीला उपकाराची जाणच नाय."

उपकार! रक्त माझं, टक्कल माझं, आणि उपकार ह्यांचे. मी तिथंच, स्टेजवर थुंकले.

पुढे पुण्याला केमोसाठी भरती झाले, तेव्हा मॅडम वॉर्डात आल्या. पुन्हा रक्त हवं होतं. "त्या दिवशी मला मोठ्यानं बोलता आलं नाही गं," म्हणाल्या.

मी हात पांघरुणाखाली घेतला.

"रक्त देईन. औषध निघायलाच पाहिजे. पण आधी त्याच हॉलात, तेवढीच माणसं बोलवून, माईकवर सांगा की ते अजून निघालेलं नाही. मग सुई आणा."

त्या गेल्या. हात मी अजून दिलेला नाही.