मामाची साठ पावलांची बाग

आमचा मामा महापालिकेच्या उद्यान खात्यात माळी. एकतीस वर्षं त्याने कात्री चालवली. त्याने कापलेल्या कुंपणावर भरली वाटी ठेवली तरी थेंब सांडायचा नाही.

निवृत्तीला वर्ष उरलं आणि त्याने उलटंच डोक्यात घेतलं. घरच्या भोपळ्याच्या वेलाला फुलं ढीगभर, भोपळा मात्र एक नाही. "माशीच फिरकत नाही, तर फळ धरणार कसं?" म्हणाला, आणि बसथांब्यापासून दवाखान्यापर्यंतची फुटपाथलगतची साठ पावलं जमीन साहेबांच्या मागे लागून मिळवली. सूर्यफूल, कॉसमॉस, झेंडू लावले. शेपू मुद्दाम फुलू दिला. "आपल्याकडे कुणी तोंड लावत नाही, मधमाश्या तरी खातील."

फवारणी बंद, कापणी बंद. समोरच्या झेरॉक्सवाल्याला ते खुपायला लागलं. रान माजलंय, तिथे फरशी घालून गाड्या लावायला जागा करा, असा अर्ज त्याने वर धाडला. खात्याच्या मोठ्या मॅडम सोमवारी पाहणीला येऊन जागेवरच निकाल देणार होत्या. मामाला चिंता नव्हती, फुलं ऐन भरात होती.

सोमवारी मी रजा टाकून त्याच्याबरोबर गेले. बघते तर साठच्या साठ पावलं वीतभर उंचीवर छाटलेली. एक फूल शिल्लक नाही. मामाचे चार सहकारी घाम पुसत उभे होते. साहेब येणार म्हटलं की पहाटेच सगळं कापून चकाचक करायचं, ही त्या खात्याची जुनी रीत.

"दादा, तुमच्यासाठी लवकर आलो. बघा, तुम्ही शिकवली तशीच रेष," त्यातला एक म्हणाला.

मी बाह्या सरसावल्या. मामाने मला मागे ओढलं. "त्यांना कशाला बोलतेस? मीच शिकवलंय." त्याचा आवाज इतका पडलेला होता की मला रडूच आलं.

मॅडम आल्या. "आता बरं दिसतंय," झेरॉक्सवाला म्हणाला. "फरशी घातली की झालं."

"काका, तुमच्या माश्या कुठायत?" मॅडमनी विचारलं.

मामाने मान खाली घातली. ती वर येईचना. मग तो हळूच उकिडवा बसला. झाडांखाली झाकलेली माती आता उन्हात उघडी पडली होती. तिच्यात पेन्सिलीने टोचल्यासारखी भोकं होती.

"ही तर मुंग्यांची," झेरॉक्सवाला म्हणाला.

तेवढ्यात एक इवलीशी माशी उडत आली आणि परागकणांनी पिवळ्या झालेल्या पायांनिशी एका भोकात शिरली. मागून दुसरी. मग तिसरी.

"मुंग्या अशा उडत घरी येतात होय?" मामा म्हणाला.

मॅडमनी पर्स फुटपाथवर ठेवली आणि त्याही बसल्या. त्रेचाळीसपर्यंत भोकं मोजली, मग नाद सोडला. "जमिनीत घर करणाऱ्या मधमाश्या आहेत या. इथे फरशी पडणार नाही."

"पण मॅडम, यांचं जेवण आम्हीच कापलंय," सहकाऱ्यांपैकी एक म्हणाला.

मॅडमनी रोपवाटिकेला, मग साहेबांना फोन लावला. दुपारच्या आत फुललेल्या रोपांचा ट्रक हवा, आणि दवाखान्यापासून शाळेपर्यंतची कडही काकांच्या ताब्यात द्या.

"लेखी द्या," मामा म्हणाला. मॅडम हसल्या आणि झेरॉक्सवाल्याच्याच अर्जाच्या पाठीवर हुकूम लिहून खाली सही केली. मामाने तो कागद झेरॉक्सवाल्याला वाचून दाखवला. मग त्याच्याच दुकानात जाऊन त्या हुकुमाच्या पाच प्रती मागितल्या.